पेटी नसलेली सायकल

नाशिकजवळ अंबडच्या ज्या कारखान्यात मी स्टोअरमध्ये नोकरी केली, तिथले एक साहेब दोन हजार सालानंतर कधीतरी कंपनीच्या कामाला हॉलंडला गेले आणि येताना फोटोंचा जाडजूड अल्बम घेऊन आले. तिथल्या नद्यांच्या काठाकाठानं म्हणे त्यांनी पाच दिवस सायकल चालवली. बांधावरचा सपाट रस्ता, खाली नदी, नदीत बोट, पलीकडे जुनं गाव आणि चर्चचा मनोरा. फोटो सुंदर होते, उगाच का खोटं बोला. पण चहाच्या सुट्टीत साहेब म्हणाले, "आपल्याकडे असलं काही जमायचं नाही. आपल्या लोकांना सायकल म्हणजे गरिबी वाटते." माझी जीभ मुळातच तिखट, ती कशाला गप्प राहते. मी म्हटलं, "आम्ही केलंय साहेब. नाशिक ते पैठण, गोदावरीच्या काठानं. माझ्या आत्यानं साठीच्या तोंडावर, साडी नेसून केलंय." साहेब हसले. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. अल्बम मिटून ते उठले आणि माझं सांगायचं राहिलं ते राहिलंच.

तर ते आता सांगते.

आत्या पेठ तालुक्यात सरकारी नर्स होती. नोकरीची एकोणतीस वर्षं तिनं त्याच डोंगरात काढली. लग्न केलं नाही, का केलं नाही ते विचारायची आमच्या घरात कुणाची टाप नव्हती. तिच्याकडे सात-आठ पाडे होते, भात आणि नागली पिकवणाऱ्या माणसांचे. त्यातले निम्मे लोक दिवाळीनंतर मजुरीला बाहेर पडायचे, म्हणून त्यांच्या पोरांना लस कधी टोचायची याचं वेळापत्रक ती त्यांच्या पावलांवर ठरवायची. सायकलच्या कॅरिअरला लशीची निळी पेटी बांधलेली असे. पेटीत बर्फ, बर्फात इवल्या इवल्या काचेच्या बाटल्या. बर्फ वितळायच्या आत पोचायचं आणि बाटली फुटू द्यायची नाही, या दोन गोष्टींवर तिचं सगळं सायकल चालवणं बेतलेलं होतं. चढाला उतरून ढकलत जायची, ते तर सगळेच करतात. ही उतारालाही उतरायची. एक हात हँडलवर, एक हात पेटीवर. सपाटीला बसली तरी थोड्या थोड्या वेळानं तिचा डावा हात आपोआप मागे जायचा, पेटीवर टेकायचा, सैल झाली नाही ना ते बघायचा आणि परत हँडलवर यायचा. रस्त्यात खड्डा दिसला की हात आधी मागे, मग खड्डा.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी ती निवृत्त झाली. पेटी आरोग्य केंद्रात जमा केली आणि म्हणाली, मी इथंच राहणार. पाड्यावरच्या लोकांनी तिला दोन खोल्यांचं घर देऊ केलं होतं.

माझे बाबा म्हणजे तिचे थोरले भाऊ. अंबडला त्यांचं पत्राकामाचं छोटं वर्कशॉप होतं. पत्रा कापायचा, वाकवायचा, जोडायचा, आणि दिवसभरात चार वाक्यं बोलायची, असा माणूस. आदल्याच्या आदल्या पावसाळ्यात आत्या तापानं चार दिवस एकटी पडून होती आणि आम्हाला ते कळलं एका एसटी ड्रायव्हरकडून, पाचव्या दिवशी. ते बाबांच्या मनातून गेलंच नव्हतं. त्यांनी आमच्या घराची वरची खोली तिच्यासाठी रिकामी केली, खिडकीला नवी जाळी बसवली आणि आकाशी रंगाचा डबा आणून भिंती स्वतः रंगवायला घेतल्या. आत्याला न विचारता, हे वेगळं सांगायला नको.

जेवताना विषय निघाला आणि दोघं भाऊबहीण जे पेटले, की आईनं भाताचं पातेलं हातात धरून नुसतं उभं राहावं. "मला काय धाड भरलीय? अजून रोज वीस-वीस किलोमीटर सायकल मारते मी," असं आत्या म्हणाली. बाबा म्हणाले, "एवढी धडधाकट आहेस ना? कधीपासून घोकतेस, गोदावरीबरोबर पैठणपर्यंत जायचंय म्हणून. जा मग. सायकलनं जा."

"गेले तर?"

"गेलीस तर राहा तुझ्या डोंगरात. मी परत शब्द काढणार नाही. पण मध्ये एसटीत बसलीस, आजारी पडलीस, सायकलवरून पडलीस, तर मुकाट्यानं वरच्या खोलीत यायचं."

"ठरलं," म्हणाली आणि तिनं आईकडे आणखी भात मागितला.

बाबांना वाटलं होतं ती माघार घेईल. इतक्या वर्षांत बहीण ओळखली नव्हती, दुसरं काय. दोन दिवसांनी तिची काळी सायकल तेलपाणी होऊन दारात उभी राहिली तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची, रोज घर ते अंबड सायकलनं जाणारी आणि स्वतःला फार वेगवान समजणारी. "तू बरोबर जा. रोज संध्याकाळी फोन कर. धाप लागते का, चक्कर येते का, सगळं सांग. आणि तिला ताकास तूर लागू देऊ नकोस." मी हो म्हटलं. हेरगिरीची लाज वाटली, पण पाच दिवस स्टोअरमधले नटबोल्ट बघायचे नाहीत याचा आनंद जास्त होता.

संक्रांत झाल्यावर आम्ही निघालो. पंचवटीतून औरंगाबाद रस्त्याला लागलो तेव्हा धुक्यानं समोरचं दिसत नव्हतं. आत्यानं सगळं सामान माझ्या कॅरिअरला बांधलं होतं, तिच्या हँडलला फक्त एक कापडी पिशवी. मी कुरकुरले तर म्हणाली, "एकोणतीस वर्षं ओझं वाहिलंय माझ्या सायकलनं. आता तिला मोकळी फिरू दे." निघाले मुकाट गाढवासारखी लादलेली.

चांदोरीला वळून सायखेड्याच्या पुलावर आलो आणि धुकं उठलं. दोन्ही काठांना द्राक्षांचे मांडव, मधून नदी अगदी संथ, कुणाची काही घाई नसल्यासारखी. आत्या पुलावर थांबली. "आमच्या तिकडच्या सगळ्या नद्या गुजरातकडे पळतात," ती म्हणाली. "डोंगरावरून उडी मारली की दोन दिवसांत समुद्र. ही एकटी उलटी निघाली. एवढ्या लांबच्या वाटेला का गेली असेल, ते बघायचं होतं मला." नाशिकला जन्म काढून गोदावरी नेमकी कुठे जाते याचा मी कधी विचार केला नव्हता. माझ्यासाठी ती रामकुंडापाशी सुरू व्हायची आणि तपोवनात संपायची.

तिचं चालवणं संथ होतं. मी जोरात पुढं जायची, झाडाखाली बसून पाणी प्यायची, तोवर ती शांतपणे समोरून निघून जायची. थांबायची नाही, वेग वाढवायची नाही, कमी करायची नाही. दुपारपर्यंत माझ्या मांड्या भरून आल्या आणि तिच्या कपाळाला घाम नव्हता. फक्त एक गोष्ट मला दिसायची. तिचा डावा हात मागे जायचा, हवेत काहीतरी चाचपायचा आणि ओशाळल्यासारखा परत यायचा.

"काय शोधतेस गं?"

"काही नाही. मोडेल सवय हळूहळू."

नांदूर मध्यमेश्वरला पाणी एवढं पसरलं होतं की नदीचा तलाव झालेला, आणि त्यावर पक्षीच पक्षी. आत्यानं कंबरेवर हात ठेवून बराच वेळ ते बघितलं. "बघ, हेसुद्धा थंडीत पोटासाठी गाव सोडून येतात," एवढंच म्हणाली. मुक्काम तिथल्या नर्सबाईंकडे होता. हे तिचं खास तंत्र. कुठल्या गावात कुठली बाई बदलून गेलीय हे तिला पाठ होतं. पुढच्या सगळ्या मुक्कामांना आम्ही अशाच नर्सबाईंच्या घरी उतरलो, बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, आणि कुणाकडेही आम्हाला परकं वाटलं नाही.

संध्याकाळी एसटीडी बूथवरून फोन करून बाहेर आले तर आत्या म्हणाली, "दादानं धाप लागते का विचारलं असेल."

मी गार. "तुला कसं कळलं?"

"अगं, लहानपणी त्याची हेरगिरी करायला आई मला पाठवायची. या घराण्याचा धंदाच आहे तो. कर तू फोन, माझी ना नाही. फक्त खरं सांगत जा. जे घडलं नाही ते मी रजिस्टरमध्ये कधी लिहिलं नाही, आणि घडलं ते कधी गाळलं नाही. तूही तसंच कर."

दुसऱ्या दिवशी कोपरगाव. उसाच्या गाड्यांची रांग, रस्ताभर चिपाडं, गुळचट वास. नदीकाठच्या बेट भागातली जुनी देवळं मी हौसेनं बघत फिरले. पुणतांब्याला घाटाच्या पायऱ्यांकडे जाणारा उतार लागला, मी सुसाट खाली गेले, ती उतरून सायकल हातात धरून चालत आली. पेटी नसतानाही. घाटावर मी देवळाचे खांब बघत होते आणि ती पोरांचे दंड. डाव्या दंडावर लशीचा वण आहे का, हे तिला दहा हातांवरून दिसायचं. एका तरुण बाईच्या कडेवरच्या पोराला वण नव्हता. झालं, आत्या तिच्याशेजारी पायरीवर बसली.

"टोचून नाही घेतलं?"

"नाय. ताप येतो म्हंतेत सासूबाई. लय रडतं पोरगं."

"ताप येतो, खरं आहे. एक दिवस येतो. तू त्या दिवशी कामाला जाऊ नकोस, मांडीवर घेऊन बस. सासूला सांग, नाशिकच्या बाईनं सांगितलंय."

कुठलाही उपदेश नाही, भीती घालणं नाही. तापाचं खरं आधी सांगितलं म्हणून त्या बाईचा चेहरा सैल झालेला मी बघितला. मुक्काम तिथंच होता. सकाळी आत्या तिच्या घरी गेली, तिला आणि पोराला घेऊन उपकेंद्रात गेली, लस टोचून होईपर्यंत थांबली आणि मग आम्ही दोन तास उशिरा निघालो. मी चिडले होते, हे कबूल करते. आज वाटतं, मी त्या प्रवासात जी काही बघण्यासारखी ठिकाणं बघितली त्यातली ती पायरी पहिल्या नंबरला आहे.

त्या उशिरामुळे तिसरा दिवस लांबला. श्रीरामपूर, नेवासं करत प्रवरासंगमच्या अलीकडे आलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. रस्त्यात एक मोरी होती आणि मोरीच्या तोंडाशी डांबर उखडून चांगली वितभर खाच पडलेली. मी पुढे होते. मागे वळून बघितलं, ते यासाठी की सांगावं, आत्या जपून. तिनं खाच बघितली होती. म्हणूनच तिचा डावा हात मागे गेला, नुसता चाचपायला नाही, तर नेहमीसारखा पेटीवर भार टाकायला. खाली पेटी नव्हती. हात घसरला, त्यामागून ती घसरली आणि सायकलसकट रस्त्यावर आडवी झाली.

मी धावले तोवर उसाच्या गाडीवरचा बाप्या उतरला होता. "बाई, बसा जरा, पानी घ्या. लय लागलं का?" आत्या उठून बसली आणि आधी स्वतःचं मनगट तपासलं, दुसऱ्या कुणाचं असावं तसं. बोटं हलवली, दाबलं, फिरवून बघितलं. "मोडलं नाही. मुरगळलंय." मग त्या बाप्याकडून उसाचं एक कांडं मागून घेतलं, कोयत्यानं उभं चिरून घेतलं आणि ते दोन तुकडे मनगटाला लावून माझ्या ओढणीनं बांधायला लावले. उरलेला ऊस मला दिला, खा म्हणाली. मी रडत रडत ऊस खाल्ला.

ती रिकाम्या कॅरिअरकडे बघत होती. "हात मागे गेला आणि पेटीच नाही," म्हणाली. थोड्या वेळानं परत तेच म्हणाली. तिला दुखत होतं ते मनगट नव्हतं, हे मला कळत होतं. ती पडली होती आणि पैजेतला शब्द स्पष्ट होता.

गावात पोचल्यावर मी बूथमध्ये शिरले आणि काच ओढून घेतली. "सगळं ठीक आहे बाबा. धाप नाही, काही नाही." खोटं बोलताना आवाज किती गोड होतो ना. मागून काच सरकली. आत्यानं उजव्या हातानं रिसीव्हर घेतला.

"दादा, मी पडले. आज. कुणी धक्का दिला नाही, चक्कर आली नाही. खाच होती, पेटी धरायला हात मागे गेला, पेटी नव्हती. पोरीला रागावू नकोस. शब्द दिलाय तो पाळीन."

पलीकडून बाबा काहीतरी बोलले. तिनं रिसीव्हर ठेवला. "पैठणला थांबा, मी येतो म्हणाला."

न्यायला येणार, हे सांगायची गरज नव्हती. मी म्हटलं, इथूनच एसटीनं जाऊ, नाहीतरी सगळं संपलंच आहे. तर माझ्यावर डोळे वटारले. "पैज हरले मी. पैठण थोडंच हरलंय. एक दिवस हात शेकते, मग निघू."

चौथा दिवस आम्ही संगमावर काढला. जवळच्या टोका गावातल्या देवळाच्या भिंतीवरची कोरीव कामं एवढी नाजूक की दगडाची आहेत हे बोट लावून बघावं लागतं. त्या दिवशी आत्या पहिल्यांदा देऊळ बघत बसली. प्रवरा येऊन गोदावरीला मिळते ती जागा समोरच होती. ती बघता बघता म्हणाली, "तिकडे पाड्यावर सकाळी कुणीतरी दाराशी येतंच. बाई, हे बघा, बाई, ते बघा. तुमच्या वरच्या खोलीत सकाळी कोण येईल? तुझी आई चहा घेऊन. आणि विचारेल, झोप लागली का. चांगली आहे गं ती. पण तिकडे मी नर्स आहे, तुमच्याकडे मी पेशंट होईन." मी आपली तिचा हात गरम पाण्यानं शेकत राहिले.

पाचव्या दिवशी तिनं दीड हातानं सायकल चालवली. डावा हात हँडलवर नुसता टेकलेला, ब्रेक उजव्याचा. एकदाही तो हात मागे गेला नाही, आणि ते मला बघवत नव्हतं. दुपारनंतर डाव्या बाजूला धरणाचं पाणी दिसायला लागलं, समुद्र वाटावा एवढं. आत्या म्हणाली, "म्हणजे हिनंही आपला समुद्र केलाच मध्येच." पैठणचे घाट लागले तेव्हा तिचा चेहरा धुळीनं भरला होता आणि मला आयुष्यात तितका देखणा चेहरा कुणाचा दिसला नाही. हे तेव्हा म्हणाले असते तर तिनं मला वेड्यात काढलं असतं.

बाबा घाटाजवळच्या चहाच्या टपरीवर बसले होते. शेजारी गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी मोठं. मला वाटलं, सायकली एसटीच्या टपावर बांधायला दोर आणलाय. आत्या उतरली, सायकल स्टँडवर लावली आणि समोर उभी राहिली.

"दादा, शब्द म्हणजे शब्द. येते मी वरच्या खोलीत."

बाबांनी तिचं मनगट बघितलं. मग गोणपाट सोडलं. आत पत्र्याची पेटी होती. लशीच्या पेटीएवढीच, त्याच उंचीची, कडा आतून वळवलेल्या, हाताला लागू नयेत म्हणून. झाकणावर हात टेकायच्या जागी पत्र्याला किंचित खोलगट बाक दिलेला. जुन्या ट्यूबच्या दोन पट्ट्या त्यांनी खिशातून काढल्या, पेटी कॅरिअरवर ठेवली, करकचून आवळली आणि हलवून बघितली.

आत्या बघत राहिली. मग डावा हात, बांधलेलाच, तिनं पेटीवर ठेवला. रंग अजून पुरता वाळला नव्हता. तिच्या बोटांना आकाशी रंग लागला.

"हा खोलीचा रंग ना रे?"

"हो."

"खोलीचं काय मग?"

"खिडकीकडची भिंत राहिलीय," बाबा म्हणाले. "राहू दे तशीच."

चहा पिऊन ते एकटेच एसटीनं परत गेले. आत्या त्यानंतर नऊ वर्षं पाड्यावर राहिली. आमच्या वरच्या खोलीची खिडकीकडची भिंत आजही बिनरंगाची आहे.